बोट उचलल्यावर यादी किती घसरावी?

एक छोटा प्रयोग करा. फोनचं सेटिंग्ज उघडा आणि त्या लांबलचक यादीला बोटाने जोरात एक झटका द्या. यादी किती वेळ घसरते, कुठे मंदावते, शेवटाला पोचल्यावर ताणली जाते की उसळते, हे बघून ठेवा. मग फोनमधलं शॉपिंगचं, बिल भरायचं किंवा तिकीट काढायचं एखादं ॲप उघडा आणि तसाच झटका द्या. दोन-तीन ॲप्समध्ये तरी तुम्हाला काहीतरी वेगळं जाणवेल. यादी जरा जास्तच लांब जाईल, किंवा चिकट वाटेल, किंवा शेवटाला धाडकन थांबेल. नेमकं काय बिघडलंय ते सांगता येणार नाही, पण बोटाला कळतं.

माझं पोटापाण्याचं काम हेच आहे. पुण्यातल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमची टीम बटणं, याद्या, मजकुराच्या चौकटी असे तयार सुटे भाग बनवते. हे भाग एकदाच लिहायचे आणि ते अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोज तिन्हीकडे चालले पाहिजेत. बटण बनवायला दोन दिवस लागले. स्क्रोल होणारी यादी बनवायला लागून दीड वर्ष झालं, अजून बनवतोच आहोत.

हे आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या वर्षभरात ॲपल, गुगल आणि जेटब्रेन्स या तिघांच्या निर्णयांमुळे हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. आणि दुसरं कारण म्हणजे माझी मावशी.

मावशी साताऱ्याला असते. एका ग्राहक कंपनीच्या ॲपमध्ये आमचेच सुटे भाग वापरलेले आहेत, आणि तेच ॲप योगायोगाने तिच्या फोनमध्ये. एका रात्री तिचा फोन आला. "अगं, त्या फॉर्मचं बटणच येत नाहीये. अर्धा तास झाला, वर-खाली करून बोट दुखायला लागलं." मी म्हणाले, "मावशी, नियम-अटी शेवटपर्यंत सरकव, मग 'मान्य आहे' दिसेल." ती म्हणाली, "शेवटपर्यंतच आहे मी. त्याच्या पुढे काही नाही. तू काय मला वेडी समजतेस का?"

वेडी ती नव्हती. चूक आमची होती, आणि एक नाही, दोन. त्यांच्याकडे नंतर येते. आधी मूळ प्रश्न.

उसनं घ्यायचं की स्वतः बनवायचं

एकाच कोडमधून अनेक फोनवर चालणारी ॲप्स बनवायचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग रिॲक्ट नेटिव्हचा. फेसबुकने ते २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. यात तुमचं ॲप फोनलाच सांगतं की बाबा, तुझ्याकडची स्क्रोल होणारी यादी मला दे. आयफोनवर ॲपलची यादी येते, अँड्रॉइडवर अँड्रॉइडची. घसरण, उसळी, ताण, सगळं त्या त्या फोनचं.

दुसरा मार्ग फ्लटरचा, म्हणजे गुगलचा. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. फ्लटर फोनकडून फक्त एक कोरा कॅनव्हास मागून घेतं आणि त्यावर बटणापासून यादीपर्यंत सगळं स्वतः रंगवतं. म्हणजे तुम्ही आयफोनवर फ्लटरचं ॲप वापरता तेव्हा ती यादी ॲपलची नसते, ॲपलच्या यादीची हुबेहूब नक्कल असते. जेटब्रेन्सचं कंपोझ मल्टिप्लॅटफॉर्म आयफोनवर याच वाटेने जातं. मे २०२५ मध्ये त्यांनी आयफोनसाठीची आवृत्ती पक्की झाल्याचं जाहीर केलं.

नक्कल किती बारकाईने करावी लागते याचं एक उदाहरण देते. आयफोनवर बोट उचललं की यादीचा वेग दर मिलिसेकंदाला ०.९९८ पट होतो. हा ॲपलचा नेहमीचा आकडा, त्यांच्या डेव्हलपरांना उघड दिसतो. आता ०.९९८ ला स्वतःनेच हजार वेळा गुणलं तर उत्तर येतं साधारण ०.१३५. म्हणजे एका सेकंदानंतर वेग साडेतेरा टक्के उरतो. फ्लटरचा कोड उघडून बघा (तो सगळ्यांना खुला आहे), उसळणाऱ्या यादीच्या गणितात तोच ०.१३५ बसलेला दिसेल. हिशोब करायचा तर, सेकंदाला २००० पॉइंट वेगाने झटका दिला की यादी एकूण हजारेक पॉइंट घसरून थांबते. आयफोनच्या एका स्क्रीनपेक्षा थोडं जास्त.

अँड्रॉइडचं गणित पूर्ण वेगळं. तिथे वेग असा सरळ टक्केवारीने घटत नाही, एका ठरवून दिलेल्या वक्राप्रमाणे उतरतो. हळू झटक्याला यादी लवकर थांबते आणि जोरदार झटक्याला लांबवर जाते. म्हणून अँड्रॉइडवाल्याने मित्राचा आयफोन हातात घेतला की पहिली दहा मिनिटं त्याचा अंदाज चुकत राहतो. दोन्हींत बरोबर-चूक असं काही नाही, सवयीचा भाग आहे. पण ॲप बनवणाऱ्याने मात्र ज्याच्या हातात जो फोन आहे त्याचीच सवय पाळली पाहिजे.

शेवटाला काय होतं याचा तर कोर्टातला इतिहास आहे. यादी संपली की रबरासारखी ताणून परत येते, ती कल्पना ॲपलच्या बास ऑर्डिंग यांच्या नावावरच्या पेटंटमध्ये आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीने सॅमसंगला ॲपलला १०० कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितली, त्या निकालातल्या पेटंट्सपैकी हे एक. पुढे रक्कम कमी झाली आणि २०१८ मध्ये दोघांनी तडजोड केली. अँड्रॉइडवर मात्र वर्षानुवर्षे यादीच्या टोकाला नुसती एक चमक दिसायची. ऑक्टोबर २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं तेव्हा कुठे तिथे ताण आला, तोही वेगळ्या प्रकारचा. आयफोनवर यादी जागेवरून सरकते, अँड्रॉइडवर चित्रच ताणलं जातं.

इथे नक्कल करणाऱ्यांची गोची दिसते. अँड्रॉइड १२ मध्ये हा ताण फोनच्या स्वतःच्या याद्यांना आपोआप मिळाला. फ्लटरवाल्यांना तो पुन्हा लिहावा लागला, आणि तो नव्या ॲप्समध्ये न मागता मिळायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं, जेव्हा मटेरियल ३ ही शैली फ्लटरमध्ये मूळ शैली झाली. मधली दोन वर्षं कितीतरी ॲप्स जुनी चमक दाखवत होती. गिऱ्हाईक काही तक्रार करत नाही. त्याला ॲप फक्त "जुनाट" वाटतं.

सध्या काय चाललंय

सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ आलं आणि तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. लिक्विड ग्लास नावाची काचेसारखी शैली सगळ्यांनी बघितली, त्यावर मीम्सही भरपूर झाले. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे बदल स्क्रोलशी जोडलेले आहेत. यादी वरच्या पट्टीखालून जाते तेव्हा कडेला विरघळल्यासारखी धूसर होते. खालची टॅबची पट्टी, ॲपने तसं सांगितलं असेल तर, स्क्रोल करताना आक्रसते. ज्यांनी ॲपलचेच भाग वापरले होते त्यांना नव्या एक्सकोडने ॲप पुन्हा बांधल्यावर यातलं बरंच काही मिळून गेलं. ज्यांनी सगळं स्वतः रंगवलं होतं त्यांना काहीच मिळालं नाही.

फ्लटरच्या टीमने तेव्हा सांगून टाकलं की लिक्विड ग्लासची नक्कल सध्या करत नाही. उलट ॲपलची आणि गुगलची शैली असलेले भाग मुख्य फ्लटरमधून काढून वेगळे ठेवायचं काम त्यांनी हाती घेतलं. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. कुणीतरी दर सप्टेंबरला दिशा बदलणार आणि आपण त्याच्यामागे धावत सुटणार, हे किती वर्षं चालवायचं?

पण म्हणून उसनं घेणारा मार्ग सोपा आहे असं समजू नका. रिॲक्ट नेटिव्हची यादी फोनची असली तरी त्या यादीत काय भरायचं हे जावास्क्रिप्ट ठरवतं. जोरात झटका दिला की कधी कधी मधेच पांढरी जागा दिसते, तुम्ही बघितली असेल. यादी पुढे पळाली, ओळी बनवणारा मागे राहिला. यासाठी शॉपिफायने २०२२ मध्ये फ्लॅशलिस्ट नावाची वेगळी यादी काढली, आणि रिॲक्ट नेटिव्हची नवी रचना २०२४ च्या ऑक्टोबरपासून मूळ रचना झाली. फरक पडलाय. स्वस्त फोनवर अजूनही पांढरं दिसतं.

मेसमधली ताटं

ही पांढरी जागा येते कुठून? समजा यादीत ५००० ओळी आहेत. त्या सगळ्या एकदम बनवल्या तर तीन जीबी रॅमचा फोन तिथेच बसेल. म्हणून युक्ती अशी की स्क्रीनवर दिसतात तेवढ्याच आणि वर-खाली थोड्या जास्तीच्या ओळी बनवायच्या. मेसमध्ये जेवणारे ४०० आणि ताटं ४० असतात तसं. एकाचं जेवण झालं की ताट धुऊन पुढच्याला. गर्दी अचानक वाढली तर ताट येईपर्यंत उभं राहावं लागतं, ती तुमची पांढरी जागा.

वेळ किती मिळतो तेही बघा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद, १२० हर्ट्झवर फक्त ८.३. गंमत म्हणजे जाहिरातीत १२० हर्ट्झ लिहिलेला पण आतून साधा प्रोसेसर असलेला फोन इथे सर्वात जास्त अडखळतो, कारण त्याला अर्ध्या वेळात तेच काम करायचं असतं.

आणि ओळींची उंची वेगवेगळी असली की आणखी एक भानगड. एकूण यादी किती लांब हेच माहीत नसतं, कारण न बनवलेल्या ओळी मोजणार कशा? मग लायब्ररी अंदाज बांधते. आतापर्यंतच्या ओळींची सरासरी काढायची आणि उरलेल्या तशाच असतील असं धरायचं. कडेची स्क्रोलची दांडी मधेच उडी मारते ती याच अंदाजामुळे. इंग्रजीत बहुतेक ओळी एकसारख्या असल्याने हे खपून जातं. मराठीत एखादं नाव दुसऱ्या ओळीवर जातं, खाली उकार आणि वर रफार-मात्रा यांना जागा लागते, अंदाज चुकतच जातो. काही डेव्हलपर त्यावर उपाय म्हणून ओळीची उंचीच ठरवून टाकतात. मग "पूर्ण" मधला दीर्घ ऊकार कापला जातो. हे मी एका नामांकित ॲपमध्ये बघितलंय आणि आमच्याही यादीच्या पहिल्या आवृत्तीत होतं.

स्पर्श की स्क्रोल?

बोट टेकलं. आता हा बटण दाबायचा विचार आहे की यादी सरकवायचा? फोनला मनातलं कळत नाही. तो बोट थोडं हलायची वाट बघतो. ठरावीक अंतरापेक्षा जास्त हललं की स्क्रोल, नाहीतर दाबणं. अँड्रॉइडवर हे अंतर सहसा ८ एकक असतं. फ्लटरनेही ८ पासून सुरुवात केली होती, पण बटणं दाबणं अवघड जातंय अशा तक्रारी आल्यावर ते १८ केलं. हे कारण त्यांनी कोडमध्येच लिहून ठेवलंय. पुढे फोन स्वतः जो आकडा सांगेल तो वापरायची सोयही आली.

८ आणि १८ मधला फरक नखाएवढाही नाही. पण आकडा लहान असेल तर थरथरणाऱ्या हाताचा माणूस बटण दाबूच शकत नाही, प्रत्येक वेळी यादी सरकते. मोठा असेल तर उलट: सरकवायला गेलात आणि "पैसे पाठवा" दाबलं गेलं. कॉम्प्युटरवर नियम पुन्हा वेगळा. तिथे माऊसने धरून ओढलं तर मजकूर निवडला गेला पाहिजे, यादी सरकायला नको. चाक फिरवल्यावर विंडोज प्रत्येक खटक्याला १२० हा आकडा पाठवतं, आणि त्या १२० चा अर्थ किती ओळी हे वापरणाऱ्याच्या सेटिंगवर अवलंबून. एकच यादी, तीन हात, तीन सवयी.

मावशीच्या फोनमध्ये काय झालं होतं

मावशीने फोनवरची अक्षरं सर्वात मोठी करून ठेवली आहेत. आमच्या फॉर्ममध्ये नियम-अटींची चौकट होती, तिला स्वतःचा वेगळा स्क्रोल. ही चौकट शेवटपर्यंत नेली की तिच्याखाली बटण उमटायचं.

पहिली चूक. शेवट आला की नाही हे आम्ही "सध्याची जागा, शेवटाच्या जागेइतकी झाली का" असं तपासत होतो. तिच्या फोनवर आमच्या एका एककात २.६२५ पिक्सेल बसतात. यादी धूसर दिसू नये म्हणून आम्ही तिची जागा नेहमी अख्ख्या पिक्सेलवर आणत होतो, पण शेवट मात्र अपूर्णांकात मोजत होतो. मोठ्या अक्षरांमुळे शेवट आला १८४३.७० वर. यादी पोचू शकत होती १८४३.४३ पर्यंत. बाकी उरलं ०.२७. पिक्सेलभरसुद्धा नाही. मावशी खरोखर शेवटाला होती आणि आमचा कोड म्हणत होता की अजून पोचली नाहीस. आमच्या टेस्टिंगच्या फोनवर अक्षरं नेहमीच्या आकाराची, तिथे उंची नेमकी पूर्णांकात यायची, म्हणून आम्हाला कधी दिसलंच नाही.

दुसरी चूक. समजा बटण उमटलं असतं, तरी ते चौकटीच्या खाली होतं. मोठ्या अक्षरांमुळे चौकटीने सगळी स्क्रीन व्यापली होती. बोट कुठेही टेकवलं तरी ते आतल्या चौकटीवरच, बाहेरचा फॉर्म धरायला जागाच नाही. आतली यादी संपल्यावर उरलेली ओढ बाहेरच्या यादीला द्यायची, असा साधा शिरस्ता ब्राउझरमध्ये आहे, अँड्रॉइडच्या स्वतःच्या भागांमध्येही त्याची सोय आहे. आम्ही सगळं स्वतः लिहिलं आणि हे लिहायचं राहिलं.

उसन्या मार्गाने गेलो असतो तर? दुसरी चूक बहुतेक टळली असती. पहिली तरीही झाली असती, कारण "शेवट आला का" हे विचारणारा कोड आमचाच होता. म्हणून "नेटिव्ह वापरा, सगळं ठीक होईल" असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही.

मात्र एका ठिकाणी स्वतः रंगवणारा मार्ग जास्त जबाबदारी अंगावर घेतो. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला स्क्रीनवर काय आहे ते फोन वाचून दाखवतो. फोनची स्वतःची यादी असेल तर कितवी ओळ, एकूण किती, हे त्याला माहीत असतं. स्वतः रंगवलेला कॅनव्हास मात्र फोनच्या दृष्टीने एक चित्र. त्यामुळे लायब्ररीला चित्राच्या जोडीने अर्थाचं एक वेगळं झाड बनवून फोनला द्यावं लागतं: ही यादी, ही तिसरी ओळ, इथून पुढे सरकता येतं. फ्लटर ते देतं. आमच्या लायब्ररीत ते बटणांना होतं, यादीला अर्धवट होतं. टॉकबॅकवर दोन बोटांनी सरकवलं की यादी हलायची, पण फोन गप्प. ऐकणाऱ्याला काही घडलंय हे कळायचंच नाही.

आपल्याकडे हा आता फक्त चांगुलपणाचा विषय राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि सरकारी यंत्रणांना २० निर्देश दिले. ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि अंध व्यक्ती त्या प्रकरणात न्यायालयात गेल्या होत्या. केवायसीचा फॉर्म म्हणजे तरी काय, एक लांब स्क्रोल आणि तळाशी एक बटण.

माझं मत विचाराल तर, छोट्या टीमने स्वतःची यादी लिहू नये. उसनी घ्या किंवा फ्लटर, कंपोझसारख्या मोठ्या लायब्ररीची घ्या, जिथे असल्या चुका आधीच हजारो लोकांच्या बोटांनी सापडल्या आहेत. आम्ही लिहिली कारण आमच्या ग्राहकाला विंडोजच्या काउंटरवर आणि फोनवर अगदी एकसारखं दिसणारं ॲप हवं होतं. दिसायला एकसारखं हवं होतं, हाताला नको होतं, हा फरक आम्ही तेव्हा विचारला नाही.

दोन्ही दुरुस्त्या पुढच्याच आवृत्तीत गेल्या. शेवट आता एका पिक्सेलची सूट देऊन मोजतो, उरलेली ओढ बाहेरच्या फॉर्मला जाते, आणि टेस्टिंगच्या फोनपैकी एकावर अक्षरं कायम सर्वात मोठी, भाषा मराठी आणि टॉकबॅक चालू असतो. टीममध्ये त्या फोनचं नाव "मावशी" पडलंय. तुम्हीही तुमच्या आवडत्या ॲपची परीक्षा घ्या: सेटिंग्जमध्ये अक्षरं सर्वात मोठी करा आणि त्यातला एखादा फॉर्म तळापर्यंत नेऊन बघा. अडकलात तर स्क्रीनशॉट आणि फोनचं मॉडेल लिहून डेव्हलपरला कळवा. मॉडेल विसरू नका, तो २.६२५ आकडा आम्हाला तिथूनच सापडला.